टेपकाकांचे अकरा इंच

माझी कंबर तेव्हा चव्वेचाळीस इंच होती. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण या गोष्टीचा सगळा डोलारा त्या कमरेवरच उभा आहे. बंबखान्याच्या बँडपथकात मी मोठा ढोल वाजवायचो, आणि मोठ्या ढोलाला पोट लागतंच. नाहीतर तो टेकवणार कशावर?

बंबखान्याच्या मागच्या गल्लीत टेपकाका आणि कात्रीकाकूंचं शिवणकामाचं दुकान होतं. बाहेर एक बाक, एक आरसा आणि गळ्यात टेप लटकवलेले काका. मध्ये पडदा. पडद्याआड कापायचं लांब टेबल आणि टेबलामागे काकू. काकांनी माप घ्यायचं, आकडा आत ओरडून सांगायचा, आणि काकूंनी आत कापायचं, अशी वाटणी होती. पण बाकावर कायम चारपाच रिकामटेकडे बसलेले असायचे, आणि चारचौघांत आपल्या कमरेचा आकडा ऐकायला कुणाला आवडतो? दुकान उघडलं त्याच महिन्यात काकांनी एका हेडमास्तरीणबाईंची कंबर खणखणीत आवाजात जाहीर केली. बाई ज्या निघाल्या त्या घरी न जाता थेट बदलीचा अर्ज द्यायला गेल्या.

त्या दिवशी काकांनी कानाला खडा लावला आणि एक युक्ती काढली. टेपवर जो आकडा येईल त्याचं मनातल्या मनात अर्धं करायचं, त्यात अकरा मिळवायचे आणि तो आकडा ओरडायचा. म्हणजे छत्तीसवाला आला की छत्तिसाचे अर्धे अठरा, अठरा अन् अकरा एकोणतीस. काका ओरडणार, "एकोणतीस." गिऱ्हाईक खूश, बाक गप्प. पावभट्टीवाल्याची कंबर पन्नास, तो छत्तीस ऐकून जायचा आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटायचा. गंमत म्हणजे काडीसारख्या पोरींनाही ही युक्ती मानवायची. विसाची कंबर काकांच्या तोंडून एकवीस होऊन बाहेर पडे, आणि पोरीची आई म्हणे, "बघ, अंग धरतेय." फक्त बरोबर बावीस असेल त्यालाच खरा आकडा ऐकू यायचा. तशी कंबर तीस वर्षांत दोनदाच आली.

तीस वर्षं हे करून करून काकांची जीभच तशी वळली होती. शिरगणतीवाला दारात आला आणि त्याने विचारलं, "मुलं किती?" काका म्हणाले, "साडेअकरा." खरं तर एकच मुलगा, तोही जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. शिरगणतीवाल्याने ते लिहूनही घेतलं. मी स्वतः पाहिलंय.

आता तुम्ही विचाराल, आत काकूंना खरा आकडा कसा कळायचा? तर तो त्यांच्या हाताला कळायचा. 'एकोणतीस' कानावर पडलं की त्यांची कात्री आपोआप छत्तिसावर जायची. कसं, ते त्यांना विचारलंत तर म्हणायच्या, "मला काय माहीत, हात जातो." आणि काकांना टेपवरचा आकडा क्षणभरही लक्षात राहायचा नाही. डोळ्यांतून आत शिरला की तोंडातून अर्धा होऊन बाहेर. वहीतही तोच अर्धवट आकडा. थोडक्यात, खरी कंबर त्या दुकानात फक्त काकूंच्या उजव्या हाताला ठाऊक होती.

आणि नेमका त्या वर्षी काकूंना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं.

निघताना त्यांनी सुनेला बोलावलं. जहाजावरच्या मुलाची बायको. सगळी गल्ली तिला सूनबाईच म्हणायची. मी तेव्हा बाकावरच बसलो होतो, म्हणून ऐकलं.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "डोळे बरे झाले तरी बारीक काम आता माझ्याच्याने होणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पुलाच्या उद्घाटनाला बंबखान्याच्या बँडच्या एकवीस पँटी द्यायच्यात. त्या तू कापायच्या. नीट बसल्या तर हे टेबल तुझं. नाही बसल्या तर आल्यावर दुकानाला कुलूप. लोकांचं कापड नासून पोट भरायचं नाही आपल्याला."

रागाने नाही म्हणाल्या हो. निरोप सांगावा तसं म्हणाल्या. पण सूनबाईचा चेहरा मी पाहिला. तिचं माहेरही शिंप्याचंच, पण तिथे कात्री भावांच्या हातात आणि हिच्या हातात कायम बटणं. बारा वर्षं बटणं लावली तिने. सासरी येऊन टेबलापर्यंत पोचली, तर आता टेबलच राहणार की जाणार याची पंचाईत.

"आई, आकडे उलटे कसे करायचे तेवढं सांगून जा," ती म्हणाली.

"कात्री सांगेल," काकू म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

कात्रीने काही सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी सूनबाईने दवाखान्यात फोन लावला. काकूंच्या डोळ्यांवर पट्ट्या. "आई, एकोणतीस म्हणजे किती?" काकू म्हणाल्या, "हातात कात्री असल्याशिवाय कसं सांगू?" नर्स भली होती, तिने नखं कापायची कात्री आणून दिली. काकूंनी ती दोनदा उघडझाप केली आणि म्हणाल्या, "हिच्यातून फार तर अंगठ्याचं माप निघेल." फोन संपला.

मग सूनबाईने सासऱ्याला धरलं. "बाबा, तुम्ही आकड्याचं नक्की काय करता?"

"अर्धं करतो आणि अकरा मिळवतो."

"एवढंच? मग उलटं करायला काय लागतं." अर्ध्याचं उलट दुप्पट. मिळवण्याचं उलट वजा. तिने भिंतीवर खडूने ठसठशीत लिहून ठेवलं: दुप्पट करा, अकरा वजा करा. आणि कामाला लागली.

आता इथे कुणालाही वाटेल, बरोबर तर आहे. मलाही वाटलं होतं. पण एकोणतिसाची दुप्पट अठ्ठावन्न, त्यातून अकरा गेले, उरले सत्तेचाळीस. आणि माणूस होता छत्तिसाचा.

पहिल्या आठवड्यात तिने गावातल्या चौदा जणांचे कपडे शिवले. एकाचीही तक्रार आली नाही. कशी येईल? पावभट्टीवाल्याने नवी पँट चढवली, ती एकसष्ट इंचांची. कमरेवर राहीना. आता तुम्ही-आम्ही म्हणू की शिंप्याने घोळ घातला. तो म्हणाला, "मी बारीक झालो." बायकोला हाक मारून पँट पुढे ओढून दाखवली, त्या पोकळीत एक पाव ठेवून दाखवला. पोस्टातल्या बाई नव्या झग्यात स्वतःभोवती एक गिरकी घेत, आणि झगा मागाहून सावकाश घेई. अख्खं गाव वाळलं म्हणून खूश. लोक पट्टे आवळत, सुतळ्या बांधत, एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने ओळखीच्यांना नमस्कार करत, आणि वाळलोय म्हणून बिनधास्त क्रीमचे पाव खात. भट्टीसमोर रांग लागायची. काकांना तर काही दिसायचंच नाही, कारण गिऱ्हाइकाच्या पोटाकडे बघणं ते असभ्य समजायचे. माप घेतानासुद्धा नजर छताला, फक्त आकड्यापुरती खाली.

सूनबाईला शंका आली नाही असं नाही. बँडच्या पँटी कापताना ती एकदा म्हणाली, "बाबा, हे बंबवाले फारच खाऊनपिऊन दिसतात."

"आगीशी झुंजायचं म्हणजे अंगात पाहिजे," काका छताकडे बघत म्हणाले.

बँडचे वीस जण तेव्हा मापं देऊन डोंगरावरच्या तळावर सरावाला गेले होते, ते उद्घाटनाच्या सकाळीच परत येणार होते. शिडीवरून उतरताना माझा पाय मुरगळला, म्हणून मी तेवढा मागे राहिलो. एकविसावी पँट शिवून झाली, उद्घाटनाला तीन दिवस उरले होते. सूनबाई म्हणाली, "दादा, तुम्ही इथेच आहात तर घालून बघा."

मी पडद्याआड जाऊन घातली. हाताने धरून बाहेर आलो. आरशासमोर उभा राहिलो. सूनबाई म्हणाली, "कशी वाटते?" मी म्हणालो, "ऐसपैस आहे." आणि सवयीने, ढोल वाजवल्यासारखे दोन्ही हात उचलले.

पँट जमिनीवर.

बाकावरचे चौघे उठून उभे राहिले, आदराने की कशाने ते मी आजवर विचारलं नाही. काकांची नजर छताला असल्यामुळे त्यांना काहीच कळलं नाही. ते म्हणाले, "बसली का?"

"बसली नाही, आडवी झाली," मी म्हणालो.

"तुम्ही वाळला असाल, दादा," बाकावरचा एक जण म्हणाला. त्याची स्वतःची पँट सुतळीने बांधलेली होती.

"काल रात्री मी आठ पाव खाल्लेत. वाळेन कशाने?"

सूनबाईने टेप घेतला आणि माझ्या कमरेभोवती टाकला. चव्वेचाळीस. पँटीला लावला. पंचावन्न. ती मटकन स्टुलावर बसली. तिला एकदम सगळं दिसलं असणार: पुलावर उभे एकवीस बंबवाले, एकवीस वाद्यं, बेचाळीस हात, आणि एकही हात पँट धरायला रिकामा नाही. बँडवाल्यांच्या गणवेशाला पट्टा नसतो, तो वाद्याला घासतो म्हणून. पुढचं तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

"गेलं टेबल," ती हळूच म्हणाली. "परत बटणंच."

काका पहिल्यांदा खाली बघत होते. सुनेचा उतरलेला चेहरा बघून त्यांना राहवेना. "अगं, सोपं आहे. पंचावन्नाचे चव्वेचाळीस करायचेत ना? पाचातला एक भाग काढला की झालं. सगळ्याच पँटींचा पाचवा भाग काढून टाक. आण कात्री."

तिने कात्री उचललीही होती. मी पडद्याचं कापड गुंडाळून बाकावर बसलो होतो, आणि त्या दिवशी कात्री चालली असती तर काय झालं असतं या विचाराने आजही मला घाम फुटतो. पण बारा वर्षं बटणं लावलेली बाई होती ती. एक बटण काजाला बसलं म्हणून सगळी बसतात असं नसतं, हे तिला पक्कं माहीत.

"थांबा, बाबा. आधी माझं माप घ्या."

"तुझं? कशाला?"

"घ्या तर."

काकांनी छताकडे बघत टेप टाकला आणि सवयीने ओरडले, "पंचवीस."

तिने खडूने भिंतीवर मांडलं. पंचविसाची दुप्पट पन्नास, त्यातून अकरा गेले एकोणचाळीस. पाचवा भाग काढला तर एकतीसच्या वर काहीतरी. मग तिने टेप स्वतःच्या हाताने धरून पाहिला. अठ्ठावीस.

"नाही बसत," ती म्हणाली. "तुमचा पाचवा भाग दादांच्या पोटाला चालतो, मला नाही."

"मग तुझ्यासाठी वेगळा भाग काढू," काका म्हणाले.

"एकवीस जणांसाठी एकवीस भाग कुठून आणू?"

पण ती भिंतीकडे बघतच राहिली. पंचावन्न आणि चव्वेचाळीस. एकोणचाळीस आणि अठ्ठावीस. "दोन्हीकडे अकराच जास्त," ती म्हणाली. "जाडाला अकरा, बारकीला अकरा. हे अकरा येतात कुठून?"

काका पुन्हा छताकडे बघायला लागले. तेव्हा हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने माझी पँट मांडीवर घेतली आणि उसवायला सुरुवात केली. मन थाऱ्यावर नसल्यामुळे तिने बाजूची शिवण आधी धरली. ओढते, ओढते, वर येऊन अडकली, कारण कमरेची पट्टी वरून शिवलेली.

"मेली पट्टी," ती म्हणाली. "शेवटी लावतात ती, पहिली काढावी लागते."

आणि सुई हातातच राहिली.

मी त्या बाईचा चेहरा पाहिलाय. दगडी कोळसा पेटतो ना, आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे, तसा.

"बाबा, तुम्ही आधी काय करता?"

"अर्धं."

"आणि मग?"

"अकरा मिळवतो. किती वेळा सांगू?"

"म्हणजे अकरा ही वरची पट्टी आहे. ती आधी निघाली पाहिजे. मी शिवण आधी ओढली." ती उठून भिंतीशी गेली. "मी सगळ्याचीच दुप्पट केली, त्यात तुमचे अकराही दुप्पट झाले. बावीस. त्यातले मी अकराच काढले. उरलेले अकरा सगळ्या गावाच्या कमरेला बांधले."

तिने भिंतीवरचं जुनं वाक्य हाताने पुसलं आणि नवं मांडलं. तेहतीस, माझा आकडा. आधी अकरा वजा, उरले बावीस. मग दुप्पट, चव्वेचाळीस. तिचा पंचवीस: अकरा गेले चौदा, दुप्पट अठ्ठावीस. ट्रंपेटवाला सव्वीस: पंधरा, तीस. मी म्हणालो, "त्या ट्रंपेटवाल्याला मी ओळखतो, उडवायला फुंकरही लागत नाही, तिसाच्या वर तो जाणारच नाही."

"आता दादांना विचारून काय उपयोग," काका म्हणाले, "त्यांना कुणीही बारीकच वाटणार."

"सगळ्यांचे अकराच काढायचे," सूनबाई म्हणाली. "बरं झालं जास्त कापलं. कमी कापलं असतं तर जोडायला कापड कुठून आणलं असतं?"

पुढचे तीन दिवस मी त्याच बाकावर, त्याच पडद्याच्या कापडात बसून होतो, कारण माझी पँट सगळ्यांत शेवटी घ्यायची ठरली होती. मी धागे ओढत होतो, काका इस्त्री करत होते, ती दोन्ही बाजूंनी आणि मागून मापं आत घेत होती. पँटींच्या काढलेल्या पट्ट्या जोडल्या असत्या तर पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचल्या असत्या. मोजलं कुणी नाही, पण माझा अंदाज सहसा चुकत नाही.

उद्घाटनाच्या सकाळी वीस जण डोंगरावरून आले आणि धावतपळत कपडे चढवले. सूनबाई पुलाच्या कठड्याशी उभी होती. तिची नजर एकाच्याही चेहऱ्यावर नव्हती, सगळी कमरांवर. मी ढोलावर पहिला टोला दिला. दुसरा दिला. दहाव्या टोल्याला मी तिच्याकडे पाहिलं, ती ओठ हलवत मोजत होती: अठरा, एकोणीस, वीस. एकविसावी माझी. जागच्या जागी होती. तेव्हा ती कठड्यावर हात टेकून जी हसायला लागली, ती भाषण सुरू झालं तरी थांबेना, आणि भाषण करणाऱ्या साहेबांना वाटलं आपण फार विनोदी बोलतोय. त्यांनी अर्धा तास वाढवलं.

गावातल्या चौदा जणांना तिने दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सांगितलं, चूक माझी, कपडे आणून द्या. पोस्टातल्या बाईंनी झगा आणून दिला. बाकी कुणी आलं नाही. पावभट्टीवाला म्हणाला, "राहू दे, आता बसते." आणि खरंच बसत होती. क्रीमचे पाव वाया जात नाहीत.

काकू आल्या त्या दिवशी मी मुद्दाम बाकावर जाऊन बसलो. काळा चष्मा, हातात काठी. आल्या त्या सरळ आत गेल्या आणि म्हणाल्या, "एक पँट द्या इकडे." मी माझीच इस्त्रीला म्हणून आणली होती, ती दिली. त्यांनी कमरेवरून अंगठा फिरवला, आतून बाहेरून, सगळीकडे. मागच्या शिवणीशी अंगठा थांबला.

"इथे आत घेतलंय."

"हो, आई," सूनबाई म्हणाली. "अकरा इंच." आणि तिने सगळं सांगून टाकलं, काहीही न लपवता. पावभट्टीवाल्यासकट.

काकूंनी अंगठा पुन्हा त्या शिवणीवरून फिरवला. मग म्हणाल्या, "आधी अकरा वजा, मग दुप्पट?"

"हो."

"एवढंच करतो होय माझा हात." त्यांनी आपला उजवा हात वरखाली करून पाहिला, कुणा ओळखीच्या माणसाची नवी गोष्ट कळावी तसा. "मी चुकले असते तर मला कळलंही नसतं का चुकले ते. तू चुकलीस आणि शोधूनही काढलंस. टेबल तुझं. मी बाहेर बाकावर बसेन. या ढोलवाल्याला जरा सरकायला सांगा."

मी सरकलो. मी सरकलो म्हणजे बाकावरचे दोघे खाली पडले, ते सोडून द्या.

"आता पहिलं काम माझंच घे," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात नुसतं पडून राहायचं आणि खायचं. एकही कोट लागत नाही अंगाला. अहो, घ्या माप."

काकांनी टेप टाकला. मी पाहत होतो. त्यांनी नजर छताकडे नेली नाही. बायकोच्या कमरेकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग नीट, सावकाश म्हणाले, "अडतीस."

बाकावरच्यांनी माना वळवल्या. काकूंनी चष्मा काढला.

"काय म्हणालात?"

"अगं, आता सूनबाईला उलटं येतं, तुला येतं. कोणासाठी खोटं बोलू?"

"तिला येतं ते कापण्यासाठी," काकू म्हणाल्या. "मी काय कापड आहे का?"

काका गडबडले. टेप पुन्हा कमरेभोवती फिरवला, दोन्ही टोकं पुढे आणली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "तीस."

"हां," काकू म्हणाल्या आणि चष्मा परत लावला. त्यांना अकरा वजा करता येत होते, दुप्पट करता येत होती, आणि तरीही त्या गालातल्या गालात हसत होत्या.

पडद्याआडून कापडावर खडू ओढल्याचा आवाज आला, एकदाच, न थांबता.